डिंभ्याच्या पाण्यामागोमाग

आंबेगाव तालुक्यात आंबेगाव शोधू गेलं तर सापडत नाही. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, मोठी बाजारपेठ मंचरला आहे आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. मला हे कॉलेजात असल्यापासून माहीत होतं, कारण आमच्या वर्गातला एक मुलगा त्याच गावचा. दिवाळीच्या सुट्टीहून परत आला की तो सांगायचा, "आमचं गाव उठणार." आम्ही ऐकायचो आणि प्रॅक्टिकलच्या वह्यांकडे वळायचो. गाव उठणं म्हणजे काय, हे पुण्यात राहून त्या वयात कळत नव्हतं.

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला आम्ही सगळे एका वर्गात होतो. पुढे कुणी इंजिनिअरिंगला गेलं, कुणी औषधनिर्माणशास्त्राकडे, मी आणि आणखी दोघी वनस्पतिशास्त्रात राहिलो. आता बहुतेक जण निवृत्त झालेत. बऱ्याच वर्षांनी एकत्र जमायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा बोटीच्या सहलीचे बेत निघाले. कुणी मुंबई–गोवा बोट सुचवली, कुणी केरळातली हाउसबोट. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांनी मोठ्या क्रूझची पत्रकं पाठवली. आठवडाभर हे चाललं होतं. मग आमच्या आंबेगावकराने, म्हणजे कॉलेजात ज्याला आम्ही त्याच नावाने हाक मारायचो त्याने, एकच ओळ लिहिली: "पाण्यावरच फिरायचं असेल तर आमच्या पाण्यावर या." त्यानंतर दुसरा बेत कुणी काढला नाही.

पुण्याहून नाशिक रस्त्याने मंचरपर्यंत साधारण साठ किलोमीटर होतात. तिथून डावीकडे घोडेगाव आणि पुढे डिंभे. भीमाशंकरला जाणारे याच रस्त्याने जातात आणि बहुतेकांना धरणाचं पाणी गाडीच्या काचेतून दिसतं तेवढंच. आम्ही दिवाळीनंतर गेलो. हा काळ मी कुणालाही सुचवेन. पाऊस सरलेला असतो, धरण काठोकाठ असतं, डोंगर अजून हिरवे असतात आणि खाचरांत भाताची कापणी चालू असते. पावसाळ्यात धुकं आणि धबधबे मिळतात, पण पाण्यावर जायचं असेल तर पावसाळा टाळावा. घाटमाथ्यावरचा वारा आणि फुगलेली घोड नदी यांच्याशी खेळ करू नये.

इथे डेक नाही, तिकीटखिडकी नाही आणि गाणी लावलेली बोटही नाही. धरणामुळे पलीकडच्या वाड्यांची जुनी पायवाट तुटली. तेव्हापासून बाजारहाट, दवाखाना, शाळा यांसाठी पाण्यावरून ये-जा सुरू झाली. मासेमारी करणाऱ्यांच्या होड्याही आहेत. आमच्या मित्राने ओळखीच्या माणसाकडून मोटर लावलेली होडी ठरवली होती. गावकऱ्यांच्या फेरीच्या वेळा सोडून मधला वेळ आम्हाला मिळाला आणि तेच बरोबर होतं. लाइफ जॅकेट मात्र मागून घ्यावं. आमच्यातल्या दोघा-तिघांनी "कशाला" म्हटलं, तेव्हा होडीवाले मामा शांतपणे म्हणाले, "ताई, हितं खाली झाडं हायेत उभी. पोहता येतंय म्हनून चालत न्हाई." मग सगळ्यांनी जॅकेटचे पट्टे आवळले.

होडी काठापासून दूर गेल्यावर पाण्याचा खरा आकार दिसू लागला. घोड नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या प्रत्येक घळीत पाणी आत शिरलं आहे, त्यामुळे जलाशयाला अनेक फाटे फुटलेत आणि एका वळणामागे दुसरं वळण येत राहतं. दोन्ही बाजूंना टेकड्यांच्या उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. मधूनच एखादा पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला, आणि पाण्यालगत झेपावणारे नदी सुरय.

आमच्यातला एक जण जलसंपदा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाला आहे. धरण म्हटलं की तो आकडे बोलतो, आणि त्याचे आकडे ऐकण्यासारखे असतात. डिंभे हे एकटं धरण नव्हे. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत: कुकडी नदीवर माणिकडोह आणि येडगाव, मीना नदीवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि घोडवर डिंभे. पाचांचा उपयुक्त साठा मिळून सुमारे ३० टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला साडेबाराच्या आसपास एकट्या डिंभ्यात. हे पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, मग पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. डिंभ्याचा डावा कालवा येडगावच्या जलाशयात पाणी आणून सोडतो आणि तिथून ते पूर्वेकडे निघतं. सह्याद्रीच्या कड्यावर पडलेला पाऊस असा दुष्काळी तालुक्यांच्या शिवारात पोचतो. ही योजना चालवण्यात त्याच्या नोकरीची बरीच वर्षं गेली, आणि ते सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. तो असायलाच हवा. करमाळ्याच्या माणसाला या पाण्याची किंमत कुणी सांगावी लागत नाही.

आंबेगावकर मात्र होडीच्या टोकाला बसून काठांचा अंदाज घेत होता. एका जागी त्याने मामांना मोटर बंद करायला सांगितली. "साधारण इथं," तो म्हणाला. "तो समोरचा डोंगर आणि ही सोंड यांच्या मध्ये आमची पेठ." आंबेगाव हे नदीकाठचं बाजाराचं गाव होतं. डोंगरावरच्या वाड्यांचा हिरडा, तांदूळ, नाचणी इथे उतरायची आणि मीठ-मिरची, कापडचोपड वर जायचं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की जुन्या देवळांचे अवशेष वर येतात आणि तेव्हा लांबून माणसं बघायला येतात. आता पाणी भरलेलं होतं, काही दिसत नव्हतं. त्याने वाड्यांची नावं सांगितली, घाटाच्या पायऱ्या किती होत्या ते सांगितलं, कुठल्या बाजूने मोटार यायची ते दाखवलं. आमचे इंजिनिअर साहेब तेव्हा काहीच बोलले नाहीत. नंतर त्यांनी त्याला गावाबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारले आणि उत्तरं आपल्या वहीत टिपली.

जलाशयाचं सरकारी नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीत काम करत. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना ते त्याच्यासमोरून हटले नाहीत आणि चिरडले गेले. वय अवघं बावीस. डिंभ्याला जाणाऱ्याने वाटेत हे नाव तरी वाचावं.

धरणाने उठवलेल्यांपैकी किती तरी कुटुंबं दूर गेली नाहीत. ती वर सरकली आणि पाण्याच्या काठावर राहिली. जमीन गेली, उरला तो खडकाळ उतार. या माणसांसोबत आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्या कामामुळे डिंभ्याचा काठ आज वेगळा दिसतो. पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत पीक घेण्याचा, म्हणजे गाळपेरीचा, हक्क लोकांनी मागून घेतला. जलाशयातली मासेमारी बाहेरच्या ठेकेदाराकडे न जाता आदिवासींच्या सहकारी सोसायटीकडे यावी म्हणून झगडा झाला. आमचे मामा त्यातूनच मच्छीमार झालेले. त्यांचे वडील शेतकरी होते, होडी त्यांनी कधी वल्हवली नव्हती. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडायचं, जाळी विणायची, पाण्याचा तळ ओळखायचा, हे सगळं या पिढीने नव्याने शिकून घेतलं. याच कामासाठी 'शाश्वत'ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

काठावर उतरून आम्ही वर चढलो तेव्हा ती खाचरं जवळून पाहिली. यांना इकडे पडकई म्हणतात. उन्हाळ्यात लोक गट करून एकमेकांच्या उतारावर राबतात. दगडाचा बांध घालतात, वरची माती खाली ओढून सपाटी करतात आणि पावसात त्यात भात लावतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. आमच्यापैकी एकीने बांधाचा दगड हलवून पाहिला, तो जागचा ढळला नाही. दुपारचं जेवण तिथल्याच एका घरी होतं: नाचणीची भाकरी, नव्या तांदळाचा भात, खेकड्याचा रस्सा, आणि न खाणाऱ्यांसाठी मासवडी. मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरून तिला माशासारखा आकार देतात. जुन्नर-आंबेगावच्या घरांत पाहुणा आला की ती होतेच.

डिंभ्याहून आहुप्याला जाणारा रस्ता जलाशयाच्या कडेने वळत वर जातो. याच रस्त्यावर माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळली ती एसटीच्या चालकामुळे. रोजच्या फेरीला तो आला आणि जिथे गाव असायचं तिथे चिखल होता. शाळेची इमारत तेवढी उभी राहिली होती. जवळच आमडे इथे नवं गाव वसवलं गेलं, २०१७ मध्ये लोक तिथे राहायला गेले. जुन्या जागी स्मृतिस्थळ आहे. तिथे थांबावं, चपला काढून आत जावं, नावं वाचावीत. एकाच आडनावाच्या ओळीच्या ओळी आहेत. फोटो काढायचा विचार आमच्यातल्या कुणाच्या मनात आला असेल तर त्याने तो बोलून दाखवला नाही. दुर्घटनेनंतर कारणांची चर्चा झाली, यंत्राने केलेल्या सपाटीकरणाकडे बोट दाखवलं गेलं, ते मान्य नसलेले तज्ज्ञही होते. या डोंगरांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना मात्र तेव्हापासून रात्रभर लागून राहिलेला पाऊस झोपू देत नाही, एवढं आमच्या यजमानांनी सांगितलं.

आहुपे घाटमाथ्याच्या अगदी काठावर आहे. गावापासून थोडं चालत गेलं की जमीन संपते आणि खाली कोकण पसरतं. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके, खाली मुरबाडची गावं. आहुपे घाटाने पूर्वी माणसं डोक्यावर ओझी घेऊन उतरत, अजूनही उतरतात. कड्याला कठडा नाही. संध्याकाळच्या वाऱ्यात टोकाशी जाऊ नये आणि कारवीच्या दाटीत वाट सोडू नये.

इथली देवराई पाहण्यासाठी मी आले होते, हे कबूल करायला हरकत नाही. भैरवनाथाच्या नावाने राखलेलं हे रान वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नवं नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांवर जे काम केलं आणि १९७६ साली प्रसिद्ध केलं, त्यातून शहरातल्या अभ्यासकांना या रानांची किंमत कळली. गावाला ती आधीच ठाऊक होती. आमच्या सरांनी आम्हाला सहलीला आणलं होतं तेव्हा देवराईच्या सीमेवर थांबून सांगितलं होतं की बाहेरून हवे तेवढे नमुने गोळा करा, आतून एक पानही वहीत दाबायचं नाही. या वेळी आम्ही वनस्पतिशास्त्राच्या तिघी आत शिरलो आणि जुन्या सवयीने झाडांची नावं म्हणू लागलो: अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, फणसाडा. उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सदाहरित रानाची ही खूणच आहे. पहिली तीन झाडं एकत्र दिसली की माती, पाऊस आणि उंची यांचा अंदाज बांधता येतो. देवराईच्या बाहेर आणि आत यांतला फरक पायाला कळतो. बाहेर मुरूम, आत पानांचा थर, आणि त्या थराखाली दिवाळीनंतरही ओल. याच ओलीतून ओढा वाहतो, आणि असेच अनेक ओढे घोड नदीला मिळतात. माझ्या इंजिनिअर मित्राला मी म्हटलं, "तुझं धरण इथं सुरू होतं." तो म्हणाला, "हे आमच्या नकाशात नव्हतं," आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली झालं, क्षेत्रफळ सुमारे १३१ चौरस किलोमीटर. ते ज्या प्राण्यासाठी ओळखलं जातं तो शेकरू आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला. आधी त्याचा खडखडाटी आवाज आला, मग फांदीवरून लोंबणारी झुपकेदार शेपटी दिसली. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तो जमिनीवर क्वचितच उतरतो, झाडावरून झाडावर झेप घेत फिरतो, एकापेक्षा जास्त घरटी बांधतो. म्हणून त्याला झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले लागतात. मध्ये रुंद रस्ता आला की त्याचं रान दोन तुकड्यांत वाटलं जातं. पावसाळ्यात याच जंगलात कुजणाऱ्या काटक्यांवरची बुरशी रात्री हिरवट उजेड देते. ती बघायला हल्ली गर्दी होते. वनखात्याने रात्रीच्या फिरण्यावर घातलेले निर्बंध पाळले पाहिजेत, कारण त्या काटक्या पायाखाली तुडवल्या की उजेडही जातो.

आमची राहण्याची सोय आहुपे गावातच होती. घरच्या आजींनी रात्री डब्यातून बाळहिरडा काढून दाखवला. चैत्र-वैशाखात हिरड्याची कोवळी फळं काढून वाळवतात, तो बाळहिरडा. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हातात वर्षातून एकदा रोख पैसा येतो तो यातून. आमच्यातल्या एकाने औषधांच्या धंद्यात आयुष्य काढलं, हिरड्याची पोती त्याने रोज पाहिली होती, झाड पहिल्यांदाच पाहत होता. भाव कोण ठरवतं, तोलाई कुठे होते, व्यापारी किती कापतो, हे तो आजींना विचारत बसला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथली हिरड्याची झाडं उन्मळली. भरपाईसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले. मोठं झाड पडलं की ते परत उत्पन्नाला येईपर्यंत एक पिढी जाते. "आमच्या सासऱ्यांनी राखलेलं झाड व्हतं," आजी म्हणाल्या.

तिथून घोडेगाव मार्गे जुन्नर. रस्ता खाली उतरतो तसं रान बदलतं. भात संपतो, ऊस सुरू होतो, मग द्राक्षांचे मांडव आणि टोमॅटो. एकीकडे पारगावचा भीमाशंकर साखर कारखाना, दुसरीकडे निवृत्तीनगरचा विघ्नहर, आणि या सगळ्या हिरवाईच्या मुळाशी कालव्याचं पाणी. त्या पाण्यामागोमाग आलेला आणखी एक रहिवासी म्हणजे बिबट्या. उसात त्याला आडोसा, पाणी, आणि शेजारच्या वस्तीत कुत्री-शेळ्या मिळतात. उसात जन्मलेल्या पिल्लांच्या दृष्टीने ऊस हेच रान. २००१ च्या सुमारास जुन्नर परिसरात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत सोडण्याचा उपाय तेव्हा चालू होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं की अशा हलवाहलवीने त्रास कमी होत नाही, उलट वाढतो. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. माणिकडोहला वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस मिळून बिबट्या निवारा केंद्र चालवतात. जखमी, म्हातारे, आईपासून तुटलेले किंवा परत सोडता न येणारे बिबटे तिथे राहतात. ते प्राणिसंग्रहालय नव्हे, तेव्हा परवानगीशिवाय दारात जाऊन उभं राहू नये.

जुन्नरमध्ये ज्या शेतावर आम्ही उतरलो तिथे अंधार पडल्यावर मुलांना एकटं अंगणाबाहेर सोडत नव्हते. घराभोवती दिवे होते, जनावरांच्या गोठ्याला जाळी होती. यजमानांची सून सांगत होती की शेतीची वीज रात्रीची आली की पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या काळजीने घरात कुणाचा डोळा लागत नाही. दिवसा वीज द्या, ही इथल्या लोकांची मागणी जिवाची मागणी आहे. पर्यटकांनी 'बिबट्या दिसेल का' असं हसत विचारू नये, असं मला फार वाटतं. ज्यांच्या घरातलं मूल गेलंय ते त्याच गावात राहतात.

शिवनेरीबद्दल मी लिहीत नाही. प्रत्येक मराठी वाचक तिथे गेला आहे किंवा जाणार आहे. आम्ही पहाटे दर्शन घेतलं, शिवाई देवीपुढे डोकं टेकलं आणि नाणेघाटाची वाट धरली. मात्र जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांतली लेणी लोक पुरेशी पाहत नाहीत, याची खंत आहे. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला लाखो जातात, तुळजा लेण्यातलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह पाहणारे थोडे. या लेण्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांत यवनही, म्हणजे ग्रीकही, आहेत. इरिल नावाच्या एका यवनाने इथे पाण्याची दोन टाकी कोरवली. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या मुळाच्या माणसाला या कोरड्या कातळात पुण्य म्हणून पाणी साठवावंसं वाटलं.

हाच धागा नाणेघाटात पुन्हा हाती लागतो. जुन्नरहून चावंडवरून घाटघर आणि पुढे घाटाचं तोंड. डावीकडे जीवधन, उजवीकडे नानाचा अंगठा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून वर येणारा माल या खिंडीतून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जायचा. तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं परंपरा सांगते. थोडं खाली लेणं. १८२८ साली विल्यम साइक्सने ते पाहिलं आणि अभ्यासकांचं लक्ष वेधलं, पुढे भगवानलाल इंद्रजींनी लेख वाचला. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख, त्यात यज्ञांची आणि गायी, हत्ती, कार्षापणांच्या दानाची मोजदाद. ब्राह्मीतल्या आकड्यांचा इतका जुना आणि भरघोस ठेवा असल्यामुळे गणिताच्या इतिहासातही या भिंतीला जागा आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पावलांचे अवशेष राहिलेत.

बहुतेक लोक हे पाहून परततात. लेण्याच्या आसपासची टाकीही बघावीत. त्यातलं एक सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिल्याचा लेख आहे, दुसरं कामवनाच्या दामघोषाचं. घाट चढून घामाघूम झालेल्या हमालाला, बैलाला, भिक्षूला पाणी मिळावं एवढ्यासाठी. टाक्यांत आजही पाणी असतं. इंजिनिअर मित्राने वाकून एका टाक्याची खोली आणि पाणी आत येण्याची चर पाहिली. कातळात ओघळणारं पाणी चरीतून वळवून आणलंय, गाळ आधी बाहेरच बसतो. "काम चोख आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नाही.

परतताना आम्ही वाट वाकडी करून येडगावला गेलो, कारण डिंभ्याचं पाणी कालव्याने इथे येतं ते पाहायचं होतं. नारायणगाव इथून जवळ. एका बाजूला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या माना वर करून उभ्या, दुसऱ्या बाजूला तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर याच गावच्या. बाजारात टोमॅटोचे क्रेट चढत होते. मसाला दूध पीत आम्ही उभे होतो आणि तिथे आमच्या दोन मित्रांचा वाद झाला.

डिंभ्याचं पाणी बोगद्याने माणिकडोहकडे नेण्याचा प्रस्ताव बराच काळ चर्चेत आहे. इंजिनिअरचं म्हणणं होतं की डिंभे भरून वाहतं आणि माणिकडोह अनेकदा पुरतं भरत नाही, तर पाणी का वाया घालवायचं? खाली श्रीगोंद्या-कर्जतची पिकं वाळतात. आंबेगावकर म्हणाला, "अरे, खालच्याला दे, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या चुलत्याच्या वाडीत वैशाखात हंडा घेऊन दोन डोंगर उतरावे लागतात. डोळ्यांसमोर धरण आहे. आधी वर उचलून द्या, मग बोगदा करा." उपसा सिंचनाच्या योजनांना विजेचं बिल कोण भरणार, यावर दोघे अडले. आम्ही बाकीचे मध्ये पडलो नाही. दोघांचं खरं होतं, आणि दोघेही एकमेकांचं ऐकत होते. कॉलेजात त्यांनी असं कधी एकमेकांचं ऐकल्याचं मला आठवत नाही.

पुढची भेट वैशाखात ठरली आहे, पाणी तळाला गेलेलं असेल तेव्हा. आंबेगावकर जुन्या पेठेतून चालत घेऊन जाणार आहे. इंजिनिअर त्याच्या चुलत्याच्या वाडीची उंची मोजायला यंत्र आणणार आहे, पाणी उचलायला किती अश्वशक्ती लागेल त्याचा हिशेब त्याला स्वतः करायचा आहे. औषधवाल्या मित्राने आजींच्या हिरड्याला थेट गिऱ्हाईक मिळतंय का ते पाहायचं कबूल केलं आहे. त्या दिवसांत पडकईची कामं चालू असतात, वाडीत गट पहाटेच निघतात. मुक्कामाला जाणाऱ्याने ऊन चढायच्या आत त्यांच्याबरोबर रानात जावं. गोल टोपी, भरपूर पाणी आणि हाताला जाड मोजे लागतील.